मलेशियाची २००८ची सार्वत्रिक निवडणूक आणि माध्यमे

मलेशियाची बारावी सार्वत्रिक निवडणूक ८ मार्च २००८ रोजी झाली. वृत्तपत्रे व ब्लॉग यांच्या वार्तांकनातील तफावतीचे उदाहरण म्हणून ती अभ्यासली जाते. तेथे निवडणुका नियमित होत. मात्र माध्यमांवरील सरकारी नियंत्रणामुळे अनेक अभ्यासक त्या राजवटीस अर्ध-अधिकारशाही म्हणत.

वृत्तपत्रे

१९८४च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये वृत्तपत्रांना दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. १९८७ मध्ये 'द स्टार'सह तीन वृत्तपत्रांचे परवाने स्थगित झाले होते. शिवाय 'उतुसान मलेशिया' व 'द स्टार' यांची मालकी सत्ताधारी आघाडीतील पक्षांशी निगडित होती. परिणामी त्यांत सरकारच्या बाजूस ठळक प्रसिद्धी मिळे, तर विरोधकांस कमी व बहुधा प्रतिकूल.

ब्लॉग

परकीय गुंतवणूक आकर्षित करण्यासाठी सरकारने १९९० च्या दशकात इंटरनेटवर सेन्सॉरशिप न लादण्याची हमी दिली होती. ब्लॉगला परवाना लागत नसे. त्यामुळे विरोधकांची भाषणे, मोर्च्यांची छायाचित्रे व भ्रष्टाचाराचे आरोप तेथे प्रसिद्ध झाले. मात्र मजकुराची संपादकीय पडताळणी होतेच असे नाही आणि ग्रामीण भागात इंटरनेटचा प्रसार कमी होता.

परिणाम

सत्ताधारी आघाडीला २२२ पैकी १४० जागा मिळाल्या व तिचे दोन-तृतीयांश बहुमत गेले. ब्लॉगलेखक जेफ ऊई संसदेवर निवडून आले. इंटरनेटकडे दुर्लक्ष ही चूक ठरल्याचे पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी मान्य केले. तथापि, सप्टेंबर २००८ मध्ये ब्लॉगलेखक राजा पेत्रा कमरुद्दीन यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. वृत्तपत्रांवरील दबाव छपाईपूर्वीच काम करी; ब्लॉगलेखकास शिक्षेचा धोका प्रसिद्धीनंतर असे.