नव्या साक्षरता संगणकाच्या आधीपासूनच्या

इंग्रजी अध्यापनातल्या डिजिटल साक्षरतेवर संशोधन प्रस्ताव लिहिताय? मग सुरुवात संगणकापासून करू नका. १९७०च्या दशकात ब्रायन स्ट्रीट इराणमधल्या खेड्यांत राहिले. मकतबात धार्मिक ग्रंथ वाचायला शिकलेली माणसं तेच शिक्षण फळांच्या व्यापारातल्या हिशेबासाठी वापरताना त्यांनी पाहिली. साक्षरता हे नुसतं कौशल्य नसून सामाजिक व्यवहार आहे, असं त्यांनी १९८४च्या पुस्तकात मांडलं. पुढे १९९६ मध्ये न्यू लंडन ग्रुपच्या दहा अभ्यासकांनी ‘बहुसाक्षरता’ची कल्पना मांडली, चित्र, आवाज, वेगवेगळ्या भाषा हेही वाचन-लेखनाचा भाग ठरले. आता तुमचा प्रश्न बघा. ‘मोबाइलमुळे इंग्रजी सुधारतं का?’ एवढंच विचारलंत, तर हा सगळा वारसा हातातून निसटतो. विद्यार्थी मोबाइलवर इंग्रजीत काय वाचतात, काय लिहितात आणि कुणासाठी, हे आधी विचारा.