ट्रिंकोमाली (युद्धनौका)

ब्रिटिश नौदलाची सागवानी फ्रिगेट. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले; सध्या ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय मलबारी सागाला देण्याची रीत आहे. ते निम्मेच खरे. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, तेलकट साग ते टिकवतो, हे मान्य. पण लाकडी जहाजाला खाऱ्या पाण्याइतकेच, किंबहुना जास्तच, पावसाचे पाणी बाधते. डेकच्या फळ्यांमधल्या फटींत ठासलेला काथ्या आणि डांबर सुटले की हे पाणी आत झिरपते, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यांत साचते, तेथे बुरशी धरते. वरून रंग मात्र शाबूत दिसतो. शिवाय या जहाजाची समुद्रावर झीजही कमीच झाली: ट्रिंकोमाली १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचली आणि पाव शतकाहून अधिक काळ राखीव म्हणून नांगरून राहिली. प्रत्यक्ष सागरी सेवा १८४७ ते १८५७ या दशकातली, तीही मध्ये खंड पडून.

यावर आक्षेप असा, की नुसती उभी राहिलेली जहाजेही कुजतात. बरोबर आहे, आणि सागाचा खरा उपयोग इथेच झाला. तरीही १८९७ मध्ये हे जहाज मोडीतच निघाले होते. जेफ्री व्हीटली कॉब यांचे ‘फुद्रोयां’ हे प्रशिक्षण जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. बदली म्हणून त्यांनी ट्रिंकोमाली घेतली, तिला तेच नाव दिले. सागाला हा योगायोग घडवता आला नसता.