एंजेलिक अपस्टार्ट्‌स
ईशान्य इंग्लंडमधील साउथ शील्ड्‌स या बंदराच्या गावी १९७७ मध्ये स्थापन झालेला ब्रिटिश पंक वाद्यवृंद. कोळसाखाणी आणि जहाजबांधणी यांवर जगणाऱ्या या भागातील कामगार वस्तीतून तो उभा राहिला. गायक टॉमस ‘मेन्सी’ मेन्सफोर्थ आणि गिटारवादक मॉन्ड हे त्याचे आधारस्तंभ. लिडल टॉवर्स हा वीजतंत्री आणि मुष्टियुद्ध-प्रशिक्षक १९७६ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून सुटल्यावर दगावला. त्या मृत्यूला खून ठरवणारी पहिली तबकडी वाद्यवृंदाने १९७८ मध्ये स्वखर्चाने काढली. पोलिसांशी वैर तेव्हापासूनच जडले. १९७९ मध्ये अ‍ॅकलिंग्टन तुरुंगातील कैद्यांपुढे झालेल्या त्यांच्या कार्यक्रमात डुकराचे मुंडके लाथाडले गेले आणि वृत्तपत्रांत गदारोळ उठला. त्याच वर्षी ‘टीनेज वॉर्निंग’ हा पहिला अल्बम आला; निर्मिती शॅम ६९ या वाद्यवृंदाच्या जिमी पर्सीची होती. ‘२,०००,००० व्हॉइसेस’ (१९८१) या अल्बमच्या नावातच थॅचरकालीन बेकारांचा आकडा आहे.

‘ओय’ या रस्त्यावरच्या पंक प्रवाहात त्यांची गणना होते. या प्रवाहावर वंशवादाचा शिक्का सरसकट मारला गेला. या वाद्यवृंदाबाबत तो अन्यायाचाच होता. ब्रिटिश ध्वज मिरवणारी देशभक्ती आणि समाजवाद त्यांच्या गाण्यांत एकत्र नांदत असल्याने गैरसमजाला वाव मिळाला खरा. पण मेन्सी उघड फॅसिझमविरोधक होता, आणि अतिउजव्या टोळ्यांनी त्यांचे कार्यक्रम वारंवार उधळले. पुढे वादक अनेकदा बदलले, खंडही पडले. मेन्सीचे डिसेंबर २०२१ मध्ये कोविडने निधन झाले.