गव्हाणीजवळचं गाव

25 डिसेंबर, सकाळचे नऊ. जालना मागे पडतं तसा गार वारा जीपमध्ये घुसतो आणि आजी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेते. करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा तिच्या मांडीवर आहे. तो ती कुणाच्या हाती देत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू हुरड्याला आलाय. नाताळच्या उपासनेसाठी तुम्ही सगळे बेथेलला निघालात. आजीचं हे माहेर.

देवळात कागदी चांदण्या लावल्यात. पेटी-ढोलकीवर गाणी होतात. मग पाळकसाहेब ख्रिस्तजन्माची हकीकत वाचतात: उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं. प्रार्थनेसाठी सगळ्यांच्या माना खाली जातात. तुम्हीही डोळे मिटता.

आधी माईकची खरखर विरते. मग विजेच्या तारा नाहीशा होतात. 1972चा दुष्काळ उलट्या पावलांनी निघून जातो, 1948 साली संपलेलं निजामाचं राज्य परत येतं, जालन्याच्या आगगाडीची शिट्टी थांबते. डोळे उघडता तेव्हा साल 1877 आहे.

पायाखाली भेगाळलेली काळी माती. दख्खनवर दुष्काळ पडून वर्ष उलटलंय. बैलांच्या बरगड्या मोजता येतात. दुरून, जालन्याच्या छावणीकडून, बिगुल ऐकू येतो. चांदण्या नाहीत, फराळ नाही. हे गाव वसवणारं मिशन स्कॉटलंडचं, आणि तिथल्या प्रेसबिटेरियन लोकांत नाताळचा थाट नसतो. खुद्द स्कॉटलंडात या दिवसाची सार्वजनिक सुट्टी सुरू होईल ती 1958 साली.

लोकांच्या मधोमध पगडी-अंगरख्यातले एक गृहस्थ बसलेत, पन्नाशी ओलांडलेले. रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि पोराला वडिलांच्या हवाली करण्यात आलं. पण त्याला जातीत परत घ्यायचं का, यावर मुंबईत मोठं वादंग माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. एका लेकरासाठी दार उघडावं की नाही, यावर माणसं कशी भांडतात ते नारायणरावांनी आपल्याच घरात सोसलंय.

पुढे ते जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून सुमारे 800 एकर जमीन मिळाली आणि तिच्यावर हे गाव वसलं. बेथेल, म्हणजे देवाचं घर. इथे राहायला आलेले बहुतेक मांग आणि महार. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची घरं गावकुसाबाहेर होती. जालन्याला लोक ‘सोने का पालना’ म्हणतात. त्या सोन्याच्या पाळण्यात यांच्या लेकरांना जागा नव्हती.

नारायणराव तीच हकीकत सांगतायत, जी तुम्ही आत्ता ऐकून आलात. गव्हाण म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. यांतल्या कित्येकांनी धन्याच्या गोठ्यात रात्री काढल्यात. जागा मिळाली नाही, हे शब्द येतात तेव्हा एक म्हातारा हळूच मान हलवतो, जणू ती त्याच्याच घरची गोष्ट आहे.

तुम्हाला तहान लागलीय. विहिरीवर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी पोहरा सोडते. पाणी खोल गेलंय, दोर सरसरत राहतो. तिची आई गावच्या विहिरीपासून दूर उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट पाहत. ही मात्र स्वतःच्या हाताने शेंदते. तुम्ही पुढे होता आणि नकळत ओंजळ धरता. ती मानेनेच नको म्हणते आणि भरलेला तांब्या तुमच्या हातात देते.

तिची हनुवटी तुम्हाला ओळखीची वाटते. आजीची पणजी त्या काळात एवढीच असेल.

‘आमेन.’

माईक पुन्हा खरखरतो. बाहेर ऊन चढलंय, माणसं एकमेकांना सलाम करतायत. आजीच्या भावजयीच्या घरी पोहोचेपर्यंत तुमचा धाकटा पाण्यासाठी रडकुंडीला आलेला असतो. उंबऱ्यावरूनच ती त्याला तांब्या देते आणि तो दोन्ही हातांनी धरून गटागटा पितो. निम्मं पाणी नव्या शर्टावर. त्याला यात काहीच विशेष वाटत नाही. वाटू नये म्हणूनच तर हे गाव वसलं होतं. पण घरी गेल्यावर त्याला त्या विहिरीची गोष्ट सांगायची, हे तुम्ही मनाशी पक्कं करता.

आजी उंबऱ्यावर टेकते आणि सकाळपासून कुणाच्या हाती न दिलेला डबा सगळ्यांसमोर उघडून ठेवते.