बर्फ काढायचा, पण कोणत्या हवेने?

पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवलेला कंटेनर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव नायट्रोजन असतो. झाकण काढताच पांढरा धूर दिसतो. मुले म्हणतात, "हा नायट्रोजनचा धूर!" पण नायट्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही. आपल्या हवेतलेच बाष्प थंडीने गोठून ते कण झालेले असतात. तेच कंटेनरच्या गळ्याशी बर्फ होऊन बसते.

या बाष्पाने द्रव हवा बनवणाऱ्यांना फार सतावले. 1883 साली क्राकोव शहरात व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी ऑक्सिजन व नायट्रोजन द्रवरूपात मिळवले. 1892 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी दुहेरी भिंतींचे निर्वात भांडे बनवले. आपला कंटेनर त्याच भांड्याचा वंशज. 1895 मध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी हवा सतत द्रवरूप करणारे यंत्र उभारले. पण प्रयोग तासभर चालणे वेगळे आणि कारखाना दिवसरात्र चालणे वेगळे. हवेबरोबर आत गेलेले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अरुंद नळ्यांत गोठत आणि नळ्या तुंबत.

तुंबलेली नळी ही साधी अडचण नाही. 1 लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे 700 लिटर वायू होतो. वाट बंद झाली, तर दाब वाढून भांडे फुटू शकते. शिवाय नागमोडी नळ्यांतला बर्फ टोचून काढता येत नाही. मग यंत्र थांबवायचे आणि आतून गरम, कोरडी हवा सोडायची, हा उपाय रूढ झाला.

'कोरडी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हवा नुसती गरम असून भागत नाही. गरम पण दमट हवा एका जागचा बर्फ वितळवील आणि पुढच्या थंड जागी स्वतःचे बाष्प गोठवून नवा बर्फ घालील!

1920 नंतरच्या दशकात मॅथिआस फ्रँकल यांनी याचाच उपयोग केला. धातूच्या पन्हळी पट्ट्यांनी भरलेले दोन मनोरे घ्यायचे. एकात येणारी हवा आपले बाष्प टाकते. दुसऱ्यातून बाहेर जाणारा कोरडा नायट्रोजन साठलेला बर्फ उचलून नेतो. काही मिनिटांनी अदलाबदल! हा नायट्रोजन तर थंडच असे, पण कोरडा असल्याने काम होई. पुढे झिओलाइटचे दाणे आले. ते बाष्प आधीच शोषून घेतात आणि त्यांना पुन्हा ताजे करायला गरम, कोरडा वायूच लागतो.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या गोष्टीचा पुढचा अध्याय लिहिला जात आहे. तेथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात हवा. पोलादाला चिकटलेले पाण्याचे रेणू मात्र हळूहळू सुटत राहतात आणि लेसरच्या वाटेत येतात. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत यासाठी द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या भिंती वापरल्या आहेत. रेणू भिंतीवर आदळतो आणि तिथेच गोठतो. जो बर्फ लिंडे यांना नको होता, तो इथे मुद्दाम धरला जातो! मात्र थर वाढला की तोही काढावा लागतो. त्यासाठी झडपा लावून मुख्य नळी वेगळी करतात, भिंतीला उबदार, कोरड्या नायट्रोजनने ऊब देतात आणि सुटलेली वाफ पंपाने ओढून घेतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहू या. स्टीलच्या कोरड्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि मीठ मिसळा. बाहेरून पांढरा थर धरायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेवा. हाच प्रयोग एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये करा. दोन नोंदी शेजारी मांडा आणि मुलांना विचारा : हवा कोणत्या महिन्यात जास्त गरम होती, आणि बर्फ काढायला आपण कोणत्या महिन्याची हवा निवडू?