पंडिता रमाबाई : स्वाधीन व्हायचे, पण कोणाच्या?

‘आपले जीवन प्रभूच्या स्वाधीन करा’ हे ख्रिस्ती प्रवचनांत इतक्या वेळा कानावर येते, की त्यातला अवघड प्रश्न ऐकूच येत नाही. देवाच्या स्वाधीन व्हायचे, की देवाच्या नावाने बोलणाऱ्यांच्या? पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या भगिनींना वाटले, आता ही विदुषी आज्ञेत राहील. झाले उलटेच. त्रैक्याचा सिद्धान्त बाईंना पटेना, आणि न पटलेले कबूल करायची तयारी नव्हती. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. भगिनी जेराल्डिनना बाईंनी पत्रांतून जे कळवले त्याचा मथितार्थ असा, की एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच उतरवले आहे, दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. मला नाही दिसत. सदसद्विवेक गहाण टाकलेला माणूस देवाला देणार तरी काय?

आणि तरीही, मंडळी, पुढे बाईंनीच लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे पाद्री राहून मग खरा ख्रिस्ती झालेला! बाई हादरल्या. तोवर त्या विचाराने ख्रिस्ती होत्या. आता विद्वत्तेचा नि सत्कृत्यांचा आधार सोडून रिकाम्या हाताने देवापुढे गेल्या. बिशपांना जे दिले नाही, ते इथे दिले.

याची कसोटी हिशेबाच्या वहीत लागली. अमेरिकेतल्या मंडळाची शारदा सदनासाठीची दहा वर्षांची हमी 1898मध्ये संपली. तोवर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तीसदनात होत्या, आणि त्यांच्यासाठी बांधील उत्पन्न नव्हते. भिस्त प्रार्थनेवर. पण म्हणून बाई हात जोडून बसल्या नाहीत हो! विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला.

बायबलाचे मराठी भाषांतरही त्यांनी दुसऱ्यांवर सोपवले नाही. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा ते भाषांतर पुरे झाले होते. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली होत्या.