गणिताच्या गोळ्या

आजचा भाग आपल्या नेहमीच्या लढाया आणि तहनाम्यांपासून बराच लांबचा आहे. ज्या मुलाचं लक्ष टिकत नाही, ज्याला एका जागी बसवत नाही, ज्याला आता डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्याला लागू पडणारं औषध माणसांनी शोधलं कसं, याचा हा इतिहास आहे. मी हा विषय का घेतला ते ओघात येईलच. आधी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात जाऊ.

तिथे जॉर्ज ब्रॅडली नावाचे धनिक होते, ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनच्या धंद्यात सुरुवातीपासून असलेले. त्यांची एकुलती एक मुलगी एमा सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण कायमची अपंग झाली. त्या काळी अशा मुलांसाठी रुग्णालय असं नव्हतंच. वडिलांनी मृत्युपत्रात आपली इस्टेट आणि घर तशा रुग्णालयासाठी ठेवलं आणि १९३१ साली ते सुरू झालं. एमा पेंडलटन ब्रॅडली होम हे त्याचं नाव. पुढे याच घराण्यातले चार्ल्स ब्रॅडली तिथे डॉक्टर म्हणून आले.

या मुलांच्या मेंदूत काय बिघडलंय ते पाहायला तेव्हा एक भयंकर तपासणी करत. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि डोक्याचा एक्स-रे घ्यायचा. त्यानंतर मुलांचं डोकं असह्य दुखायचं. काढलेलं पाणी शरीरात लवकर भरून यावं म्हणून ब्रॅडलींनी त्यांना बेंझेड्रीन देऊन पाहिलं. हे अ‍ॅम्फेटामाईन जातीचं नवं, उत्तेजक औषध. डोकेदुखीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण रुग्णालयातच शाळा होती, आणि फरक दिसला तो शाळेच्या शिक्षकांना. काल जे पोर पाच मिनिटं बसत नव्हतं, ते आज गणितं सोडवत होतं.

ब्रॅडलींनी मग नीट अभ्यास केला. ५ ते १४ वर्षांची ३० मुलं, २१ मुलगे आणि ९ मुली. एक आठवडा नुसतं निरीक्षण, दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी औषध, तिसऱ्या आठवड्यात औषध बंद. तीसपैकी १४ मुलांच्या अभ्यासात डोळ्यांत भरेल अशी सुधारणा झाली. औषध थांबलं की ती गेली. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव दिलं होतं, गणिताच्या गोळ्या. हा लेख नोव्हेंबर १९३७ मध्ये छापून आला.

आता या आकड्याकडे जरा थांबून पाहा. तीसपैकी १४. म्हणजे पहिल्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांना तो चमत्कार दिसला नाही. ब्रॅडलींनी हे लपवलं नाही. नंतरच्या वर्षांत त्यांनी डेक्सेड्रीन हे बेंझेड्रीनचं भावंडही वापरून पाहिलं आणि १९५० साली दोन्हींवर एकत्र लिहिलं. कुणाला एक चालतं, कुणाला दुसरं, आणि कोणाला कोणतं ते आधी सांगता येत नाही. आज ८५ वर्षांहून जास्त काळ लोटला. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून ‘या मुलाला हेच औषध’ असं सांगणारी खात्रीची चाचणी अजून डॉक्टरांच्या हातात नाही.

ब्रॅडलींचं हे काम मात्र वीसेक वर्षं जवळजवळ पडून राहिलं. तेव्हा अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. मूल चंचल असलं की दोष घरात शोधायचा, बहुतेक वेळा आईतच. ही सवय आपल्याकडे कोणी शिकवायला यावं लागलं नाही.

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये, बासेल शहरातल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं १९४४ साली मेथिलफेनिडेट तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गेरीट, लाडाचं नाव रिटा. ती टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची असं सांगतात. तिच्यावरून औषधाला नाव पडलं रिटालिन. १९५४ च्या सुमाराला ते बाजारात आलं तेव्हा मुलांचा विषयच नव्हता. थकवा, खिन्नता, म्हातारपणची मरगळ यांसाठी ते विकलं जायचं. मुलांच्या वर्तनासाठी त्याला परवानगी मिळाली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला.

इथे कथेत माझ्या आवडीचा माणूस येतो, कीथ कॉनर्स. शोधाच्या इतिहासात आपण रेणू बनवणाऱ्यांची नावं पाठ करतो, मोजपट्टी बनवणाऱ्यांची विसरतो. लिऑन आयझेनबर्ग यांच्याबरोबर कॉनर्सनी मेथिलफेनिडेटचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अडचण ही, की ‘मूल सुधारलं’ म्हणजे नेमकं काय? डॉक्टरसमोर तर ते वीस मिनिटं शहाण्यासारखं बसतं. दिवसभर त्याला पाहतात वर्गातले शिक्षक. म्हणून कॉनर्सनी शिक्षकांसाठी प्रश्नांचा तक्ता बनवला आणि १९६९ साली छापला. सतत चुळबुळ करतो का, हातातलं काम पुरं करतो का, लहानसहान गोष्टीनं रडतो का, असे साधे प्रश्न. प्रत्येकापुढे अजिबात नाही, थोडं, बरंच, फार, यांपैकी एक खूण करायची. तक्त्याच्या मथळ्यातच तो औषधांच्या अभ्यासासाठी आहे असं लिहिलं होतं. ब्रॅडलींच्या शाळेत शिक्षकांनी जे सहज पाहिलं होतं, ते आता कागदावर मोजता येऊ लागलं.

मग १९७० साल आलं. ओमाहा शहरात शाळकरी मुलांना सर्रास औषधं दिली जातात अशी बातमी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात झळकली, आकडे फुगून पसरले आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर सुनावणी झाली. त्याच काळात अ‍ॅम्फेटामाईनचं व्यसन हा जगभर खरा प्रश्न झाला होता. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मेथिलफेनिडेटही कडक नियंत्रणाच्या यादीत गेलं. भारतात १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला, त्याच्या यादीतही ते आहे.

ही यादी इंदुरात माझ्या वाट्याला कशी आली ते सांगतो. माझा मुलगा तिसरीत असताना निदान झालं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. तीन दुकानांत औषध नव्हतं. चौथ्या ठिकाणी दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘ये तो नशे की दवा है, बच्चे को दे रहे हो?’ माझी बायको शेजारी उभी होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या रात्री मी या इतिहासाला हात घातला. कॉलेजात मी इतिहास शिकवतो, भीती वाटली की कागद काढून बसतो.

दुकानदाराच्या बोलण्यात यादीपुरतं तथ्य आहे. गैरवापर होऊ शकतो म्हणूनच कायदा आहे आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या असतात. पण मुलाला सांगितलेल्या मात्रेत, देखरेखीखाली दिलेलं औषध आणि नशा यांत जो फरक आहे, तो यादीत लिहिलेला नसतो.

आणखी एक समज. ‘औषध दिलं, मूल शांत झालं, म्हणजे त्याला एडीएचडीच होता.’ १९७८ साली ज्यूडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी हा समज मोडला. त्यांनी कसलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाईनचा एक डोस दिला. त्यांचीही हालचाल कमी झाली, लक्ष वाढलं. म्हणजे गोळीचा गुण आला एवढ्यावरून निदान होत नाही. निदान आधी, घर आणि शाळा दोन्हींकडची माहिती घेऊन करायचं असतं.

आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘कमी मात्रेनं सुरू करू, हळूहळू वाढवू, गरज पडली तर औषध बदलू.’ माझी आई देवघरातून म्हणाली, ‘म्हणजे पोरावर प्रयोगच की.’ या वाक्याचं उत्तर मला १९९९ च्या एका अभ्यासात सापडलं. अमेरिकी सरकारच्या मदतीनं ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं चार गटांत वाटून १४ महिने पाहिली होती. औषधाच्या गटातल्या मुलांची मात्रा ठरवायला त्यांनी आधी २८ दिवस दिले. कधी कमी मात्रा, कधी जास्त, कधी औषध नसलेली नुसती गोळी. आज काय दिलंय ते घरच्यांनाही ठाऊक नाही, शाळेलाही नाही. दोघांनी रोज तक्ता भरायचा. शेवटी ते आलेख पाहून मात्रा ठरायची आणि नंतर दरमहा भेट. चौथ्या गटातली मुलं आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे जात होती. त्यांच्यातल्या दोनतृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच. तरी काळजीपूर्वक मात्रा ठरवलेल्या गटाचा गुण जास्त आला.

म्हणजे, आई, प्रयोग तर आहेच. तो नोंदी ठेवून करायचा की अंदाजानं, एवढंच आपल्या हातात आहे. मी कॉनर्सच्या धर्तीवर दहा प्रश्न मराठीत आणि हिंदीत लिहिले. मराठी आजीसाठी, हिंदी वर्गशिक्षिकेसाठी. दुसऱ्याच आठवड्यात दिसलं की सकाळी नऊ ते बारा उत्तम, दुपारी दोननंतर चिडचिड, डबा तसाच परत. साध्या मेथिलफेनिडेटचा असर तीन-चार तास टिकतो, त्याच्याशी हे वेळापत्रक जुळत होतं. मात्रा तेवढीच ठेवून बाईंनी दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी दिली आणि नाश्ता गोळीच्या आधी भरपेट द्यायला सांगितला.

या लांब चालणाऱ्या गोळीमागेही निरीक्षणच आहे. रक्तात औषध दिवसभर एकसारखं ठेवलं की दुपारनंतर असर उतरतो, मात्रा चढती ठेवावी लागते, असं कॅलिफोर्नियातल्या जेम्स स्वॉन्सन यांच्या गटाला दिसलं. त्यावरून बनलेली गोळी २००० साली आली. २००२ मध्ये अ‍ॅटोमॉक्सेटिन आलं, ते उत्तेजक जातीचं नाही. मुळात ते खिन्नतेसाठी बनवलं होतं, तिथे चाललं नाही. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून ते सोडू नये. भारतात मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दोन्ही मिळतात. अमेरिकेत चालणारी अ‍ॅम्फेटामाईनची औषधं इथे मिळत नाहीत, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांनी सुचवलेलं नाव दुकानात विचारून उपयोग नाही.

५७९ मुलांचा तो अभ्यास पुढेही चालू राहिला. तीन वर्षांनी गटागटांतला फरक बराचसा विरला होता. नव्यानं औषध सुरू करून ते सलग घेणाऱ्या मुलांची उंची, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २ सेंटीमीटरनं कमी भरली. म्हणून दर भेटीत वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब पाहायला सांगा. डॉक्टर घाईत असतील तर आठवण करून द्या. आमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, शेजारी तारखा.

पुढच्या भागात देवीच्या लसीचा भारतातला प्रवास पाहू.